आजोबांची अकरावी मॅट्रिक

प्रश्न : आमचे आजोबा ठाण्यातच शिकले, ते नेहमी म्हणतात मी १९५८ साली अकरावी मॅट्रिक झालो. मॅट्रिक तर दहावीला ना? आणि ते आण्यांचं काय सांगत असतात?
– एक वाचक, नौपाडा

उत्तर : आजोबा अगदी बरोबर सांगतायत हो. तेव्हा एसएससी अकरावीलाच असायची, दहावीची पहिली बोर्डाची परीक्षा झाली ती १९७५ ला. आम्हीपण अकरावीवालेच! आण्यांचं म्हणाल तर १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, त्याआधी रुपयाचे १६ आणे नि आण्याचे ४ पैसे, मग एकदम रुपयाचे १०० नवे पैसे झाले आणि आण्याचे हिशोबाने होतात सव्वासहा पण हातात यायचे सहाच, त्यावरून मासुंदा तलावाकाठी चणेवाल्याशी आम्ही पोरं किती वाद घालायचो. शाळा सुटली की कौपिनेश्वराचं देऊळ, तलावपाळी, नाहीतर १८९३ सालचं मराठी ग्रंथसंग्रहालय, एवढंच आमचं ठाणं. पावसात भिजलेल्या कौलांचा वास मला अजून येतो, खरंच.

आजोबांना एकदा संध्याकाळी तलावपाळीवर न्या, वर्गात बाकावर शेजारी कोण बसायचं ते विचारा आणि लिहून ठेवा, प्लीज.