डीएनएतल्या चुकीच्या जोड्या बघायला परदेशी निघालात म्हणून

तुम्ही विचारलंय, डीएनएची नक्कल करणाऱ्या पॉलिमरेझ या एन्झाइममध्ये डीएनएच्या अक्षरांच्या (ए, टी, जी, सी) चुकीच्या जोड्या कशा बसतात यावर काम करणाऱ्या परदेशी लॅबमधून पोस्टडॉकचं (पीएच.डी.नंतरच्या संशोधनाचं) बोलावणं आलंय, सोबत नवरा आणि सात वर्षांची मुलगी; जावं का, तयारी काय करावी? व्हिसाची यादी सरकारी साइटवर आहे, ती पुन्हा उगाळत नाही.

आधी कामाचं. या विषयात एका तंत्राच्या भरवशावर जाऊ नका. 2004 साली संशोधक लोरेना बीझ यांच्या गटाने एन्झाइम-डीएनएच्या स्फटिकांत, क्ष-किरणांच्या मदतीने, शक्य त्या 12च्या 12 चुकीच्या जोड्या पकडल्या. नक्कल पुढे सरकून चूक काही जोड्या मागे पडली तरी तिची कळ एन्झाइमच्या सक्रिय जागेपर्यंत पोहोचते, हेही दाखवलं. 2011 मध्ये त्याच गटाला सी-ए जोडी हुबेहूब वॉटसन-क्रिक जोडीच्या (म्हणजे ए-टी, जी-सी या योग्य जोडीच्या) आकारात सापडली. एन्झाइम आकार चाचपतं, म्हणून अशा जोडीला ते फसतं. पण हा आकार जमताना जोडीतला प्रोटॉन (हायड्रोजनचा कण) नुसता जागा बदलून बसलाय की निघूनच गेलाय, हे क्ष-किरणांना सहसा दिसत नाही. जी-टीची तसली क्षणभंगुर रूपं अल-हाशिमी यांच्या गटाने एनएमआरने (चुंबकीय क्षेत्रात रेणू तपासायच्या तंत्राने) धरली. मी स्फटिकवाला, एनएमआर ‘नंतर शिकू’ म्हणत राहिलो आणि राहूनच गेलं.

सी-एच्या त्या स्फटिकात एन्झाइमला लागणारा धातू म्हणून मॅग्नेशियम नव्हतं, मँगनीज होतं. मँगनीज असलं की एन्झाइम जास्त चुका करतं. मी मात्र ‘पेशीत असतं तेच हवं’ म्हणून मॅग्नेशियमवर अडून बसलो. चौदा महिने गेले. तत्त्व वगैरे काही नव्हतं, हट्ट होता.

त्याआधीचे पाच महिने एका प्लाझमिडने (जनुक वाहून नेणाऱ्या डीएनएच्या छोट्या कड्याने) खाल्ले. दोन संस्थांचे वकील करारातल्या एका कलमावरून भांडत होते. शेवटी पाकीट आलं. आत गाळणकागदाचा तुकडा, त्यावर पेन्सिलने काढलेलं वर्तुळ आणि वर्तुळात प्लाझमिडचा सुकलेला थेंब. थेंब कुठला, तो दिसतही नव्हता! तेव्हा कोणती सामग्री लॅबमध्ये आहे आणि कोणती ‘येणार आहे’, हे आत्ताच विचारून घ्या.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. पुढे.

मुलीची शाळा. माझ्या मुलीची चाचणी तिथल्या भाषेत घेतली आणि तिला एक इयत्ता खाली बसवलं. गणितं तिने सगळी सोडवली होती, शाब्दिक उदाहरणं तेवढी कोरी. बायको म्हणाली, आज सही करू नकोस, पुन्हा बोलू. त्या रात्री सिंक्रोट्रॉनवर (प्रखर क्ष-किरणांच्या यंत्रावर) माझा बीमटाइम, म्हणजे राखून मिळालेली वेळ, होता, गाडी गाठायची होती. मी सही केली. स्फटिकांनी काही दिलं नाही, ते सोडा. मुलगी आता कॉलेजात आहे. ‘वर्गात कायम मीच मोठी’ असं हसत सांगते, आणि मी तेवढ्यात चहा ठेवायला उठतो.

तुमच्या मुलीची चाचणी तिच्या भाषेत होईल का, आणि सहा महिन्यांनी पुन्हा घेतील का, हे शाळेला लेखी विचारा. मी विचारलंच नव्हतं.