क्यूएमूमध्ये प्रोसेसर किती दाखवावेत आणि किती वापरू द्यावेत

धुळ्याच्या सदस्याने विचारले आहे की, ४ कोअर आणि ८ थ्रेडच्या (प्रत्येक कोअरवर दोन समांतर प्रवाह) लिनक्स संगणकावर क्यूएमूला, म्हणजे संगणकाच्या आत आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्रामला, एसएमपी ८ (आभासी प्रोसेसरांची संख्या) दिले, तरी आतल्या विंडोज १० प्रोमध्ये दोनच प्रोसेसर दिसतात आणि बाहेरचा लिनक्स मात्र जागीच अडकतो. या दोन तक्रारींची कारणे वेगळी आहेत.

क्यूएमूच्या ६.२ आवृत्तीपूर्वीच्या मशीन प्रकारांत (आभासी संगणकाच्या ठरावीक नमुन्यांत) नुसती संख्या दिली, की प्रत्येक प्रोसेसर स्वतंत्र सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवरची वेगळी चिप, धरला जातो. विंडोज १० प्रो दोनच सॉकेट मानते, होम तर एकच, म्हणून बाकीचे सहा वाया जातात. क्यूएमू नवे असले तरी हे घडू शकते, कारण लिबव्हर्ट (आभासी यंत्रे सांभाळणारे साधन) यंत्र तयार करतानाच मशीन प्रकाराचे नाव आवृत्तीसह नोंदवून ठेवते आणि पुढे ते आपणहून बदलत नाही. त्यामुळे रचना स्पष्ट लिहावी: सॉकेट १, कोअर २, थ्रेड २. या तिन्ही आकड्यांचा गुणाकार मॅक्ससीपीयूइतकाच (यंत्राला दिलेल्या कमाल प्रोसेसर संख्येइतकाच) यावा लागतो, नाहीतर यंत्र सुरूच होत नाही.

आठऐवजी चार मी जाणून सुचवतो. एसएमपीचा आकडा म्हणजे वापरावरचे बंधन नव्हे. प्रत्येक आभासी प्रोसेसर हा यजमानावरचा, म्हणजे बाहेरच्या लिनक्सवरचा, एक थ्रेड (कामाचा धागा) असतो आणि काम असेल तर तो पूर्ण क्षमतेने धावतो. त्याखेरीज डिस्क व नेटवर्कचे काम करणारे क्यूएमूचे थ्रेड वेगळेच. आठही देऊन टाकल्यावर यजमानासाठी राखीव काहीच उरत नाही.

खरे बंधन सीग्रुपमधून, म्हणजे प्रोग्रामांच्या गटाला मर्यादा घालणाऱ्या लिनक्सच्या सोयीतून, घालावे लागते. सिस्टमडी-रन या आज्ञेने क्यूएमू सुरू करताना सीपीयूकोटा २०० टक्के दिला, तर दर १०० मिलिसेकंदांत सर्व थ्रेड मिळून २०० मिलिसेकंदांचा प्रोसेसर वेळ मिळतो. पांझरा नदीवरच्या फड सिंचनातल्या पाण्याच्या पाळीसारखेच हे आहे: वाटा लवकर संपला, तर पुढच्या पाळीपर्यंत थांबणे आले. चारही प्रोसेसर जोरात असले तर तो निम्म्या वेळातच संपतो, मग आवाज तुटतो आणि माऊस अडखळतो. म्हणून आधी प्रोसेसर कमी करावेत, कोटा नंतर लावावा. लिबव्हर्टच्या सीपीयूट्यून या सेटिंगमधला साधा कोटा मात्र प्रत्येक आभासी प्रोसेसरला स्वतंत्र लागू होतो. संपूर्ण यंत्रासाठी ग्लोबल कोटा आहे. या फरकाकडे अनेकांचे लक्ष जात नाही.

हे सारे केव्हीएम (आभासी यंत्राला खरा प्रोसेसर थेट वापरू देणारी लिनक्सची सोय) चालू आहे असे धरून लिहिले आहे. ते बंद असेल तर टीसीजी हा क्यूएमूचा अनुवादक प्रत्येक सूचनेचे भाषांतर करत बसते आणि कोटा लावल्याने विंडोज आणखीच रेंगाळते. शिवाय मे महिन्यात आपल्याकडच्या उन्हात कॅबिनेट तापून प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो, तेव्हा कोट्याला दोष देण्याआधी एलएससीपीयू या आज्ञेत प्रोसेसरची चालू वारंवारिता पाहावी. थ्रेड विशिष्ट कोअरवर बांधायचे असल्यास तिथेच कोणते दोन क्रमांक एकाच कोअरचे आहेत हेही कळते. ० आणि १ नेहमी जोडीदार असतातच असे नाही, बऱ्याच यंत्रांवर ती जोडी ० आणि ४ अशी असते.