लिव्ह आर्नेसेन 1994 मध्ये दक्षिण ध्रुवावर एकटी स्कीने गेली. 50 दिवसांचं सगळं सामान एकटीने ओढणं शक्य कसं होतं?

प्रश्नातच एक गोष्ट सुटली आहे: तिला परत चालत यायचं नव्हतं. ध्रुवावर अमेरिकेचं संशोधन केंद्र आहे, विमान तिथे उतरतं. शंभरेक वर्षांपूर्वी ध्रुवावर गेलेल्या स्कॉट आणि अमुंडसेन यांना जाऊन-येऊन हिशोब करावा लागला. आर्नेसेनला एका बाजूचाच. म्हणून हे गणित बसतं, पण जेमतेम.

ही नॉर्वेची शिक्षिका तेव्हा 41 वर्षांची होती. 1992 मध्ये एका मैत्रिणीबरोबर तिने ग्रीनलंड स्कीने ओलांडलं होतं. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याला हर्क्युलिस इनलेट नावाच्या खाडीपासून, म्हणजे 80 अंश दक्षिणेवरून, ती निघाली आणि 24 डिसेंबर 1994 ला पोहोचली. सुमारे 1,200 किमी, म्हणजे दिवसाला सरासरी 24. वाटेत रसद नाही, कुत्रे नाहीत. अशी एकटीने गेलेली ती पहिली बाई.

आता वजन. अशा वाटेवर साधारण असा हिशोब धरतात: 60 दिवसांचं अन्न (दहा दिवस वादळासाठी जास्तीचे), दिवसाला 1 किलो, म्हणजे 60 किलो. इंधन दिवसाला पाव लिटर, एकूण 15 लिटर, वजनाला 11 किलोच्या आसपास. बाकी तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, दुरुस्तीचं सामान, संपर्काचं यंत्र, कपडे आणि खुद्द स्लेज (बर्फावरून ओढायची घसरगाडी) धरून शंभरीला टेकतं. एका किलोत 5,000 कॅलरी बसवायच्या तर तूप-लोणी, चॉकलेट, सुकामेवा असं चरबीचं खाणं लागतं. चरबीच्या ग्रॅममागे 9 कॅलरी, पीठ-साखरेच्या ग्रॅममागे 4. भाताच्या जोरावर हा प्रवास होत नाही.

स्लेज हातांनी ओढत नाहीत. कंबर आणि खांद्यांच्या पट्ट्याला दोर बांधतात. स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवलेली असते, त्यामुळे पाय पुढे सरकतो पण मागे घसरत नाही. उणे 25–30 अंशांत बर्फ घसरडा राहत नाही, कोरड्या वाळूत पोतं ओढावं तसं वाटतं. त्यात वाऱ्याने कोरलेले कडक उंचवटे, त्यांना सास्त्रुगी म्हणतात. स्लेज त्यात अडकते, उलटते. वारा पठारावरून खाली, म्हणजे बहुतेक वेळा तोंडावरच येतो. शिवाय सगळी वाट चढाची: समुद्रसपाटीजवळून 2,835 मीटरपर्यंत. ध्रुवाकडे हवेचा दाब कमी, म्हणून दम त्याहूनही जास्त उंचीवर लागावा तसा लागतो. स्लेजचं वजन घटत जातं, उंची वाढत जाते. सुरुवातीला दिवसाला 10–15 किमी झाले तरी पुष्कळ, शेवटी तीसच्या आसपास जाता येतं.

थंडीपेक्षा घाम वाईट, असं माझं स्पष्ट मत आहे. घाम कपड्यात गोठतो आणि थांबताक्षणी अंग गार पडतं. म्हणून निघताना थोडी हुडहुडी भरेल इतकेच कपडे घालायचे, तासाला पाच-दहा मिनिटं थांबायचं, खायचं, आणि थांबल्याबरोबर जाड जॅकेट चढवायचं. ते स्लेजमध्ये सगळ्यात वर हवं. रात्री अंगातली वाफही स्लीपिंग बॅगेत भरलेल्या पिसांत गोठत जाते, काही आठवड्यांत बॅग जड आणि निकामी होते. उपाय एकच: बॅगेच्या आत, वाफ पिसांपर्यंत न जाऊ देणारी पातळ पिशवी, आणि श्वास बॅगेबाहेर.

स्टोव्हवर तर सगळं पाणीच अवलंबून. भांड्यात नुसता बर्फ थेट टाकला तर तळ करपतो. आधी घोटभर पाणी, मग थोडाथोडा बर्फ. इंधनाच्या बाटल्या स्लेजच्या मागच्या टोकाला, अन्नापासून लांब. एक झाकण गळलं तर आठवड्याचं जेवण वाया. हेच इंधन उणे 30 लाही द्रवच राहतं; बोटांवर सांडलं तर हिमदंश ठरलेला. तंबू उभारण्याआधी तो स्लेजला बांधायचा. तो उडाला तर मोहीम तिथेच संपते, कदाचित माणूसही.

दिशा मात्र फुकट मिळते, ऊन असेल तर. उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, तासाला 15 अंश सरकतो. स्थानिक सौर दुपारी बाराला, म्हणजे त्या जागी सूर्य सगळ्यात वर असताना, तो बरोबर उत्तरेला असतो, म्हणजे तुमची सावली ध्रुवाकडे बोट दाखवते. याच सौर वेळेने सकाळी नऊला ती ध्रुवाच्या दिशेच्या उजवीकडे 45 अंश, दुपारी तीनला डावीकडे 45. हर्क्युलिस इनलेट 80 अंश पश्चिमेला. घड्याळ चिलीच्या उन्हाळी वेळेवर असेल तर ही ‘दुपार’ सव्वादोनच्या पुढेमागे येते. आभाळ आणि जमीन एकच पांढरी झाली की सावलीच नाही, मग छातीवर अडकवलेल्या होकायंत्रावर चालायचं. ते दक्षिण गोलार्धासाठी तोललेलं हवं, नाहीतर सुई तिरकी होऊन अडकते.

बायकांचा वेगळा प्रश्न कुणी विचारत नाही म्हणून सांगते: वाऱ्यात लघवीला बसणं. मांड्या काही मिनिटांत बधिर होतात. आरपार उघडणारी चेन किंवा उभ्याने वापरायचं फनेल, आणि तंबूत रुंद तोंडाची बाटली. पाणी कमी पिऊन हा त्रास टाळणाऱ्यांना थंडी जास्त बाधते.

रीना कौशल धर्मशक्तू 29 डिसेंबर 2009 ला राष्ट्रकुल देशांतल्या बायकांच्या तुकडीबरोबर स्कीने ध्रुवावर पोहोचल्या, तसं करणाऱ्या भारतातल्या पहिल्याच बाई. तुकडीत तंबू आणि स्टोव्ह वाटून घेता येतात, आणि तुमच्या नाकावरचा हिमदंशाचा पांढरा डाग दुसरी लगेच ओळखते. एकटीने जाणारीला त्यासाठी खिशात आरसा ठेवावा लागतो आणि प्रत्येक थांब्यावर बघावा लागतो.