सेन्सरला आई दिसेना

प्रश्न : आई चोपड्याला एकटी, मी पुण्यात. घरात हालचाल टिपणारे सेन्सर लावलेत. हिवाळाभर छान चालले, पण मे महिन्यात रोज दुपारी 'हालचाल नाही' असा इशारा येतो. घाबरून फोन करावा, तर आई पापड लाटत असते, म्हणते, "मी आठेच शे!" (इथेच आहे!) सेन्सर बिघडला का?

उत्तर : नाही. हे स्वस्तातले सेन्सर बहुधा 'पीआयआर' जातीचे असतात. अंगाची ऊब आणि मागच्या भिंतीची ऊब यांतला फरक त्यांना दिसतो. बाहेर पारा 45 वर असला की खोलीही अंगाइतकी तापते. फरकच उरला नाही, तर आई दिसणार कशी? फ्रिज, न्हाणीघर आणि मागच्या दाराला चुंबकाचे, दार उघडल्याचं कळवणारे सेन्सर लावा. त्यांना उन्हाने काही होत नाही.

मला काळजी वेगळीच वाटते. ज्या तासांत सेन्सर आंधळा होतो, तेच तास आईला सर्वांत धोक्याचे. म्हातारपणी तहान कमी लागते, ऊन बाधलेलं उशिरा कळतं. तेव्हा आधी खोलीचं तापमान कळवणारा सेन्सर घ्या. आकडा चढला की फोन करायचा : पाणी प्यायलीस का, कूलर चालू आहे का, वीज आहे का?

प्रश्न : वय 74, अमळनेर. मुलगा घरभर कॅमेरे लावू म्हणतो. मन मानत नाही.

उत्तर : काका, तुमचं मन बरोबर सांगतंय. घर तुमचं आहे. शिवाय पाय घसरण्याची भीती मोठी न्हाणीघरात, आणि तिथे कॅमेरा लावायचाच नसतो. त्यापेक्षा गळ्यात घालायचं, पाण्याने न बिघडणारं, सिमवर चालणारं, मदत मागायचं बटण घ्या. वाय-फायवरचं नको : धाब्याच्या घरात जाड भिंतींना वाय-फाय अडतं, वीज गेली की राउटरही बंद. पडणं ओळखणारं घड्याळही मिळतं, पण भिंत धरून हळूच खाली बसलात तर ते फसू शकतं.

प्रश्न : गॅसगळतीचा अलार्म कुठे लावावा?

उत्तर : सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड. जमिनीपासून फूटभर उंचीवर लावा, छताजवळ नको.

प्रश्न : वडील नंदुरबारला, मी सुरतला. इशारा आला तर मी 108 लावू का?

उत्तर : सुरतहून लावलेला 108 गुजरातच्या केंद्रात जाईल. म्हणून इशारा तुमच्याबरोबर शेजारच्यांच्या मोबाइलवरही जाऊ द्या. घराची एक किल्ली त्यांच्याकडे ठेवा, आणि 108 त्यांनाच लावायला सांगा.