वाचकांचे प्रश्न : भाऊसाहेबांना निरोप देताना

एप्रिल-मे हा बदल्यांचा हंगाम, आणि मे महिन्याची अखेर निवृत्तीची. या दिवसांत गावोगावी ग्रामसेवक, तलाठी, मुख्याधिकारी यांचे निरोप समारंभ होतात, काही ठिकाणी मुदत संपलेल्या सरपंचांचेही. याविषयी आलेल्या पत्रांपैकी सगळ्यांच्या उपयोगी पडतील असे प्रश्न इथे घेतले आहेत.

आमच्या ग्रामसेवक भाऊसाहेबांची जन्मतारीख १ जून आहे. ते ३१ मे रोजी निवृत्त होणार की ३० जूनला? आम्ही हॉल जूनचा ठरवला आहे. (एक ग्रामपंचायत सदस्य, सातारा जिल्हा)

३१ मे. हॉलची तारीख आजच बदला. गट-क कर्मचाऱ्याचं निवृत्तीचं वय ५८ आहे आणि ते ज्या महिन्यात पूर्ण होतं त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती असते. जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल तर मात्र आधीच्या महिन्याचा शेवटचा दिवस धरतात. पूर्वी शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून लिहिलेली पिढी मोठी आहे, त्यामुळे ३१ मे रोजी एकाच तालुक्यात अनेक निरोप असतात. मंडपवाला, फेटे बांधणारा, ध्वनिक्षेपकवाला हे सगळे एकाच दिवसासाठी अडकलेले. त्यात त्याच दिवशी अहिल्यादेवी होळकर जयंतीचा कार्यक्रमही ग्रामपंचायतीत असतो. तेव्हा जयंती सकाळी आणि निरोप संध्याकाळी पाचनंतर असं ठेवा, किंवा निरोप दोन दिवस आधी उरका.

३१ मे सुट्टीचा दिवस आला तरी निवृत्तीची तारीख बदलत नाही. २०२६ मध्ये तो रविवार आहे. कार्यालयीन कागद मात्र शुक्रवारपर्यंत हातावेगळे व्हायला हवेत.

मासिक सभेत ठराव करून समारंभाचा खर्च ग्रामपंचायतीतून करता येईल का? गावात वर्गणी मागायला संकोच वाटतो. (सरपंच, बीड जिल्हा)

करू नका. ग्रामनिधी, म्हणजे ग्रामपंचायतीचा स्वतःचा निधी, हा ग्रामपंचायत अधिनियमात सांगितलेल्या कामांसाठी असतो आणि वित्त आयोगाचा निधी कशावर खर्च करायचा हे तर आधीच बांधलेलं असतं. शाल, हार, जेवण यांची देयकं लेखापरीक्षणात आक्षेपाला पात्र ठरतात आणि रक्कम वसूलपात्र दाखवली जाते. पण आम्हाला याहून मोठी अडचण दुसरीच वाटते. ग्रामपंचायतीच्या खात्यातून पैसे सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या संयुक्त सहीने निघतात. म्हणजे ज्यांचा सत्कार, त्यांच्याच सहीने त्या सत्काराचे पैसे! चांगलं काम केलेल्या माणसाला जाताना अशा कागदावर सही करायला लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

वर्गणीच काढा, पण नीट काढा. पाच-सात जणांची समिती नेमा आणि तिच्यात सगळ्या वस्त्यांची माणसं घ्या. माणशी शंभर-दोनशे रुपयांची कमाल मर्यादा ठरवा. कमी दिले तरी चालेल, जास्त घ्यायचे नाहीत. मर्यादा नसली की एखादा पाच हजार देतो, मग त्याचं नाव फ्लेक्सवर मोठं होतं आणि समारंभ त्याचाच होऊन बसतो. ज्याचं बिल, नोंद किंवा दाखला त्या कार्यालयात अडकलेला आहे, त्याच्याकडून काही घेऊ नका. ठेकेदाराकडून तर जेवणासाठी आचारीही नको.

आणखी एक चूक फार होते. वर्गणीसाठी ग्रामपंचायतीचं नमुना ७ चं पावतीपुस्तक वापरतात. ती पावती फाडली की रक्कम ग्रामनिधीची झाली, ती नमुना ५ च्या रोकडवहीत आणि बँकेत गेलीच पाहिजे. मग ती खर्चायला पुन्हा मंजुरी, म्हणजे फिरून पहिल्याच अडचणीत. साधी दोनशे पानी वही घ्या, नाव-रक्कम-सही असे तीन रकाने आखा. वर्गणी गोळा करायला ग्रामपंचायतीचा शिपाई पाठवू नका. समारंभानंतर आठ दिवसांत जमा-खर्च मंदिरात किंवा चावडीवर चिकटवा. उरलेले पैसे कुठे जाणार हेही आधीच ठरलेलं असावं. शाळेच्या वाचनालयाला दिले तर कोणाची हरकत येत नाही.

गावकऱ्यांची इच्छा भाऊसाहेबांना सोन्याची अंगठी द्यायची आहे. ते नको म्हणतात. आग्रह करावा का? (एक वाचक, जळगाव जिल्हा)

ते नको म्हणतात तेच बरोबर आहे, आग्रह करू नका. तलाठी, मुख्याधिकारी यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ लागू असतात. ग्रामसेवक जिल्हा परिषदेचे कर्मचारी, म्हणून त्यांना जिल्हा परिषदा जिल्हा सेवा (वर्तणूक) नियम १९६७. दोन्हींचा गाभा एकच आहे. ज्यांचं आपल्या कार्यालयात काम पडतं त्यांच्याकडून भेटवस्तू घ्यायची नाही, आणि जाहीर सत्कार किंवा मानपत्र पूर्वपरवानगीशिवाय स्वीकारायचं नाही. निवृत्ती किंवा बदलीनिमित्तचा खाजगी, अनौपचारिक निरोप मात्र चालतो. त्यासाठी हाताखालच्या लोकांकडून दबावाने वर्गणी घेणं हा गैरवर्तनाचा भाग होतो.

म्हणून समारंभ साधा ठेवा. मंचावरून मानपत्र वाचायचं असेल तर सत्कारमूर्तींनी ग्रामसेवक असल्यास गटविकास अधिकाऱ्यांमार्फत आणि तलाठी असल्यास तहसीलदारांमार्फत पंधरा दिवस आधी साधा अर्ज देऊन सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी. निवृत्तीच्या तोंडावर कुणाच्या तक्रारीने पेन्शनचा कागद अडकला, तर तो सोडवायला गावातलं कोणी येत नाही. शाल, श्रीफळ, फेटा, मानपत्र आणि एखादं चांगलं पुस्तक एवढं पुरेसं आहे. रोख पाकीट तर कोणत्याच नावाने नको. श्रीफळ शेंडीचं घ्या आणि कानाशी हलवून आत पाणी वाजतं का ते पाहा. खडखडीत सुका नारळ हातात पडलेला सत्कारमूर्तींना लगेच कळतो.

मानपत्र कसं लिहावं? बाजारात तयार मजकूर मिळतो तो चालेल का? (एक शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा)

तयार मजकूर घेऊ नका. 'कर्तव्यदक्ष, कार्यतत्पर, अजातशत्रू, मनमिळाऊ' ही विशेषणं प्रत्येक मानपत्रात असतात, म्हणून ती ऐकताना कोणाला काहीच वाटत नाही. मानपत्र गावाने माणसाला दिलेला लेखी दाखला आहे. दाखल्यात असतं तसं त्यात तपासता येईल असं काही हवं.

तीन कामं निवडा, त्याहून जास्त नाही. प्रत्येक कामाचं वर्ष आणि आकडा दप्तरातून घ्या. करवसुलीचा आकडा नमुना ९ च्या मागणी नोंदवहीत मिळतो, बाकीचे सभांच्या इतिवृत्तात सापडतात. फरक पाहा. 'आपण गावाचा सर्वांगीण विकास केलात' हे वाक्य कोणत्याही गावात चालतं. 'पाणीपट्टीची थकबाकी आपण घरोघरी बसून, हप्ते बांधून देऊन वसूल केलीत आणि कोणाची जोडणी तोडली नाही' हे एकाच माणसाचं असतं. दुसऱ्या प्रकारचं वाक्य वाचलं की मागच्या रांगेतली माणसं मान हलवतात. शासनाच्या योजनेतून आलेलं काम त्यांनीच केलं असं मात्र लिहू नये. योजना आली, आणि तिचे कागद त्यांनी वेळेत पुरे केले, असं लिहावं. खरं तर हे श्रेय त्या योजनेहून मोठं असतं.

लांबी दीडशे ते पावणेदोनशे शब्द. सावकाश वाचलं तर दोन मिनिटं होतात. त्याहून लांबलं की वाचणारा घाईला येतो आणि नेमकी शेवटची ओळ वाया जाते. हुद्दा नीट लिहा. २०२४ मध्ये ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही पदं एकत्र करून 'ग्रामपंचायत अधिकारी' असं नाव झालं, आणि तलाठ्यांना 'ग्राम महसूल अधिकारी'. मानपत्रात नवा हुद्दा, भाषणात भाऊसाहेब. एकूण सेवेची वर्षं आणि आपल्या गावातली वर्षं यांची सरमिसळ करू नका. गावात रुजू झाल्याची तारीख कार्यभार अहवालात असते, आणि नाव सेवापुस्तकात आहे तसंच लिहा.

छपाईत सगळ्यात जास्त घोटाळा अक्षरांचा होतो. मजकूर मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहिलेला असतो आणि छापखान्यात श्रीलिपीसारखे जुने फाँट वापरतात. मजकूर बदलताना रफार पुढच्या अक्षरावर जातो, 'ऱ्य' आणि 'ॲ' फुटतात, पहिली वेलांटी सरकते. पडद्यावर हे पटकन लक्षात येत नाही, म्हणून साध्या कागदावर छापलेली प्रत मागा. एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने बोट ठेवून पाहायचं. मजकूर दहा दिवस आधी पक्का, छपाई चार दिवस आधी, फ्रेम दोन दिवस आधी, असा क्रम ठेवा. कागद ए-३ आकाराचा (२९७ × ४२० मिलिमीटर) घेतला तर घरच्या भिंतीवर लावता येतो. त्याहून मोठी फ्रेम पलंगाखाली जाते.

खाली 'समस्त ग्रामस्थ' लिहून समितीच्या सह्या घेतल्या तर चालतं. ग्रामपंचायतीचा शिक्का मारायचा असेल तर आधी अभिनंदनाचा ठराव हवा. तो विषयपत्रिकेवर घ्या, सूचक-अनुमोदक नोंदवा आणि ठराव क्रमांक मानपत्रात लिहा. इतिवृत्त ग्रामसेवकच लिहितात, तेव्हा स्वतःच्या स्तुतीचा मजकूर त्यांना लिहायला लावू नका. सूचकाने तो लेखी द्यावा आणि तसाच नोंदवला जावा.

आमच्या निवृत्त होणाऱ्या मॅडम विधवा आहेत. सत्काराच्या वेळी हळदकुंकू आणि ओटीचं काय करावं, यावर समितीत वाद झाला. (महिला बचत गट, कोल्हापूर जिल्हा)

तुमच्याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य सरकारनेही त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. तेव्हा सन्मान इतरांना होतो तसाच पूर्ण व्हावा. फक्त मॅडमना आदल्या दिवशी एकटं गाठून विचारा : 'ताई, आम्हाला तुमची ओटी भरायची आहे, तुम्हाला चालेल ना?' त्या हो म्हणाल्या तर मंचावर सगळ्यांसमोर भरा. नको म्हणाल्या तर शाल-श्रीफळ द्या आणि विषय तिथेच संपवा. मंचावर अचानक कुंकवाचा करंडा पुढे करून त्यांना अवघडून टाकू नका. पुरुष अधिकाऱ्यांचा 'सपत्नीक' सत्कार ठरवतानाही घरची परिस्थिती आधी विचारून घ्यावी.

निरोप आधी की कार्यभार सोपवणं आधी? (उपसरपंच, नाशिक जिल्हा)

कार्यभार आधी. नमुना १ ते ३३ च्या नोंदवह्या, धनादेश पुस्तकं, कोरी पावतीपुस्तकं, शिक्के, चाव्या, चालू कामांच्या मोजमाप पुस्तिका हे सगळं यादी करून, दोघांच्या सह्यांनी. ई-ग्रामस्वराज या ऑनलाइन प्रणालीवरची देयकं डिजिटल सहीने जातात. नव्या अधिकाऱ्याची सही नोंदवून मंजूर होईपर्यंत गावाची देणी थांबतात, म्हणून सही नोंदवण्याचा अर्ज बदलीचा आदेश हाती पडताच करा. तलाठ्यांच्या बाबतीत प्रलंबित फेरफारांची यादी घ्या. हिशेब पुरा करून मंचावर बसलेला माणूस मोकळ्या मनाने बोलतो.

मुदत संपलेल्या सरपंचांचा सत्कार कधी करावा? (एक वाचक, लातूर जिल्हा)

निवडणूक जाहीर होण्याआधी किंवा निकालानंतर. मधल्या काळात आचारसंहिता असते आणि सत्काराला प्रचाराचं रूप येतं. एकट्या सरपंचांचा करू नका, दोन्ही पॅनेलच्या सर्व सदस्यांना बोलवा. कार्यालयातल्या कार्यकाल फलकावर नाव लिहिताना मुदत पहिल्या सभेच्या तारखेपासून धरा, मतदानाच्या नाही. मधले प्रभारी आणि प्रशासकही त्या फलकावर यावेत.

दोनशे माणसांचं जेवण, मसालेभात, जिलेबी, मठ्ठा. किती सामान लागेल? (समिती सदस्य, पुणे जिल्हा)

मसालेभात मुख्य असेल तर तांदूळ २० किलो, जिलेबी २० किलो, मठ्ठा ४० लिटर (दही साधारण १५ किलो). जेवण भाषणांच्या आधी ठेवलंत तर सत्काराला निम्मे लोक उरतील आणि फार उशिरा ठेवलंत तर म्हातारी माणसं उपाशी घरी जातील. भाषणं पाच, प्रत्येकी चार मिनिटं. मंचामागे थर्मोकोलची अक्षरं लावू नका, राज्यात २०१८ पासून सजावटीच्या थर्मोकोलला बंदी आहे. कापडावर रंगवून घ्या.

आमचा पाणी सोडणारा कर्मचारी निवृत्त होतो आहे. त्याला अधिकाऱ्यांसारखा समारंभ करावा का, असं काही जण विचारतात. (एक वाचक, सोलापूर जिल्हा)

करावा, तोच मंच, तीच शाल, तसंच मानपत्र. गावाला रोज पहाटे त्यांचाच उपयोग झालेला असतो. त्यांची थकीत रक्कम आणि भविष्य निर्वाह निधीचे कागद समारंभाच्या आधी पुरे करा. पगार बाकी ठेवून खांद्यावर शाल घालणं बरं दिसत नाही.

आणि त्यांच्याबरोबर गावातून दोन सकाळी फिरा. कोणता व्हॉल्व्ह कुठे गाडलेला आहे, तो किती फेरे उघडायचा, कोणत्या आळीला किती वेळ पाणी लागतं, जुनी लाइन कुठे फुटते, हे बहुतेक गावांत कागदावर कुठेच नसतं. ते सगळं वहीत उतरवा, शेजारी नकाशा काढा आणि वहीच्या पहिल्या पानावर त्यांचं नाव घाला. समारंभात ती वही त्यांच्याच हातून नव्या माणसाला द्या.