वाचकांचे प्रश्न : पाणवनस्पतींची टाकी आणि घरी केलेली उपकरणे

प्रश्न : दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशा टाकीत व्हॅलिसनेरिया, रोटाला आणि लाल पानांची काही रोपे लावली आहेत. कार्बन डायऑक्साइडचा तयार संच परवडत नाही, म्हणून साखर आणि यीस्टची बाटली घरीच करण्याचा विचार आहे. प्रमाण काय घ्यावे, बाटली किती दिवस चालते आणि माशांना त्यापासून धोका असतो का? (नाशिक)

उत्तर : आपल्या टाकीत खडी आणि वाळू वजा जाता साधारण ४५ लिटर पाणी मावते आणि एवढ्या पाण्याला एक बाटली पुरते. हवेच्या संपर्कात असलेल्या साध्या पाण्यात हा वायू लिटरमागे एक मिलिग्रॅमच्याही खाली असतो, तर लाल पानांच्या रोपांसाठी हौशी मंडळी तो ३० मिलिग्रॅमच्या आसपास नेऊ पाहतात. घरच्या बाटलीने तो आकडा नेमका गाठता येत नाही आणि तसा अट्टहासही करू नये. दहा-पंधरा मिलिग्रॅमपर्यंत पोहोचले तरी रोटालाच्या वाढीत फरक स्पष्ट दिसतो.

बाटली शीतपेयाची, दोन लिटरची घ्यावी, कारण ती दाब सोसण्यासाठीच बनवलेली असते. पिण्याच्या पाण्याची पातळ बाटली किंवा काचेची बरणी या कामी कधीही वापरू नये. तीत २०० ग्रॅम साखर, पाव चमचा कोरडे यीस्ट, चिमूटभर खाण्याचा सोडा आणि सुमारे दीड लिटर कोमट पाणी घालून वरचा भाग फेसासाठी रिकामा सोडावा. साखर दुप्पट घातली की बाटली दुप्पट दिवस चालेल असे अनेकांना वाटते. पण २०० ग्रॅम साखर पूर्ण आंबली की द्रावणात मद्यार्काचे प्रमाण आठ-नऊ टक्क्यांवर जाते आणि ते आणखी चढले की बेकरीचे यीस्ट त्यातच मरते, त्यामुळे जादा साखर बव्हंशी वायाच जाते. नाशिकच्या थंडीत बाटली अगदी मंदावते, मे महिन्यात मात्र सारी साखर आठवडाभरात संपवून मोकळी होते; एरवी दोन ते तीन आठवडे धरावेत. दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक कमी करायचा असेल तर बाटली पाण्याने भरलेल्या पातेल्यात उभी करावी.

झाकणाचे छिद्र नळीच्या जाडीपेक्षा किंचित लहान पाडावे, नळीचे टोक तिरके कापावे आणि ते पकडीने आतून बाहेर ओढून घ्यावे. येथे सिलिकॉनवर विसंबून चालत नाही, कारण बाटलीच्या झाकणाच्या प्लास्टिकला ते नीट चिकटत नाही. नळी घट्ट बसणे हाच खरा सांधा. नळी थेट टाकीत न सोडता मध्ये पाण्याची एक छोटी बाटली ठेवावी, म्हणजे उसळलेला फेस तिथेच अडतो आणि बुडबुडेही मोजता येतात. त्यापुढे उलट दिशेने पाणी येऊ न देणारी झडप हवीच. ती नसेल तर वायू थांबताच टाकीतले पाणी नळीवाटे खाली ओढले जाते आणि सकाळी फरशी ओली सापडते. सलाइनच्या संचाची नळी आणि तिची थेंबकुपी यासाठी वापरण्याची पद्धत चांगली आहे, मात्र त्यावरचे गोल चाक फिरवून वायू बंद करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. २०० ग्रॅम साखरेतून सुमारे १०० ग्रॅम, म्हणजे पन्नास लिटरहून अधिक वायू निघतो. वाट बंद केल्यास तो झाकण किंवा बाटली फोडूनच बाहेर पडेल.

वायू पाण्यात विरघळवणे हा निम्म्याहून जास्त कामाचा भाग आहे आणि नेमकी त्याचीच लोक हेळसांड करतात. हवेच्या दगडातून, म्हणजे नळीच्या टोकाला लावायच्या सच्छिद्र दगडातून, निघणारे मोठे बुडबुडे थेट वर जाऊन फुटतात. त्याऐवजी नळीचे टोक पाण्यातल्या छोट्या पंपाच्या तोंडाशी धरले तर पंपाचे पाते बुडबुड्यांचा बारीक चुरा करते. पंप नसल्यास छोटी प्लास्टिकची वाटी पाण्यात उपडी बसवून तिच्यात वायू साठू द्यावा. दिवसा हवेचा पंप चालू असेल तर पृष्ठभागाच्या खळबळीने मिळवलेला वायू उडून जातो, म्हणून तो रात्रीच चालवावा. यीस्टला रात्र कळत नाही. ते वायू सोडतच राहते आणि अंधारात झाडेही प्राणवायूच घेत असतात, म्हणून माशांना धोका असतो तो पहाटे. दिवे लागण्यापूर्वी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर नळी ताबडतोब बाहेर काढावी आणि हवेचा पंप सुरू करावा.

लिंबूसत्त्व आणि खाण्याचा सोडा यांच्या दोन बाटल्यांचा संचही घरी करता येतो, पण त्यात दाब बराच वाढतो आणि सगळे चांगल्या झडपेवर अवलंबून असते. पहिल्या टाकीसाठी मी तो सुचवणार नाही.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचे पाणी आहे आणि भांड्यांवर पांढरा थर बसतो. तळाशी विकतची माती न घालता शेतातली माती चालेल का? (लातूर)

उत्तर : शेतातली माती चालते, पण आपल्या भागातली काळी माती मी टाळेन. ती ओली झाली की फुगते, ढवळली की दिवसदिवस खाली बसत नाही आणि तिच्यात चुनखडीचे खडे असल्याने आधीच कठीण, म्हणजे क्षार जास्त असलेले पाणी आणखी कठीण होते. बागेतली लाल माती मिळवावी, तीत शेणखत किंवा कोंबडीखत मिसळलेले नाही याची खात्री करावी आणि ती दोन-तीनदा भिजवून, वर तरंगणारा काडीकचरा काढून टाकावा. या मातीचा अडीच सेंटिमीटर थर आणि त्यावर धुतलेल्या जाड वाळूचा तेवढाच थर पुरे होतो. मातीचा थर फार जाड केला तर आत प्राणवायू पोहोचत नाही आणि सडक्या अंड्यासारखा वास असलेले बुडबुडे येऊ लागतात. सजावटीच्या दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहावेत. फसफसला तर तो चुन्याचा, बाहेर ठेवावा. आपल्याकडचा काळा बेसाल्ट निर्धास्त वापरावा.

पाण्याशी भांडण्यापेक्षा त्याला मानवणारी जीवसृष्टी निवडलेली बरी. व्हॅलिसनेरिया आणि हायड्रिला कठीण पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेऊ शकतात, गप्पी आणि मॉली हे मासे त्यात सुखाने राहतात. मऊ पाण्यात रमणाऱ्या निऑन टेट्रा माशांचा हट्ट मात्र सोडावा. घरात आरओ यंत्र असेल तर त्याचे शुद्ध पाणी निम्मे मिसळता येते. मीठ घालून चालणाऱ्या, पाणी मऊ करणाऱ्या यंत्राचे पाणी घेऊ नये, कारण ते चुन्याच्या जागी सोडियम आणते.

नव्या टाकीत मासे लगेच सोडू नयेत. माशांच्या विष्ठेतून आणि मातीतून येणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. स्पंजची गाळणी घरी करणे सर्वांत सोपे आहे, पण तो स्पंज नळाखाली धुतला तर तेच जिवाणू क्लोरिनने मरतात. पाणी बदलताना काढलेल्या पाण्यातच तो पिळावा.

प्रश्न : बारा व्होल्टच्या एलईडी पट्ट्या आणि पीव्हीसी पन्हळीचा दिवा केला आहे. तो किती तास लावावा? (ठाणे)

उत्तर : पहिला महिना सहा तास, नंतर रोपे जोमाने वाढू लागल्यास आठ. काचेवर हिरवा थर येऊ लागला की दिव्याची वेळ कमी करावी, औषधे आणू नयेत. बारा व्होल्टच्या पट्ट्या वापरल्या हे योग्यच झाले. त्यांचा ॲडॅप्टर टाकीच्या वर न ठेवता बाजूला भिंतीवर बसवावा आणि वायर सॉकेटच्या खाली लोंबती ठेवून मगच वर न्यावी, म्हणजे थेंब सॉकेटपर्यंत ओघळत नाहीत. घराच्या जोडणीत ३० मिलिअँपियरला तुटणारा ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर आधी तो बसवून घ्यावा. थंडीत पाणी तापवण्यासाठी बादलीतली हीटिंग रॉड टाकीत घालण्याचा प्रकार मात्र जिवावर बेतणारा आहे आणि त्यावर कोणताही घरगुती उपाय नाही. टाकीसाठी बनवलेला, आपोआप बंद होणारा हीटर विकतच घ्यावा.

प्रश्न : सह्याद्रीतल्या ओढ्यांत आणि कासच्या पठारावर पाणवनस्पती दिसतात. त्या आणून लावल्या तर? (सातारा)

उत्तर : कृपया आणू नयेत. कासवर फुलणारा वायतुरा फक्त पश्चिम घाटाच्या उत्तर भागात आढळतो, त्याचे अस्तित्व धोक्यात आहे आणि उन्हाळ्यात तो कंदाच्या रूपाने जमिनीत झोपून राहतो. बारमाही भरलेल्या टाकीत तो तसाही टिकणार नाही. ओढ्यांतली क्रिप्टोकोरीन टाकीत चांगली वाढते, पण ती रोपवाटिकेत वाढवलेली मिळते, तिथूनच घ्यावी. उलट दिशेचा प्रवासही तितकाच वाईट आहे. छाटलेली रोपे, कंटाळा आलेली जलपर्णी किंवा मोठा झालेला सकर मासा नदीत सोडू नये. छाटणी उन्हात पूर्ण वाळवून कुंडीत खत म्हणून घालावी आणि नको असलेला मासा जिथून घेतला त्या दुकानदाराला परत द्यावा; बहुतेक जण तो घेतात.