नाल्याचं पाणी, पालक आणि प्रकाशावर चालणारा सेन्सर

प्रश्न: आमचं रान एमआयडीसीच्या खालच्या अंगाला आहे. नाल्यावर मोटर टाकून पालक-मेथी घेतो. टीडीएस मीटर पाणी बरं दाखवतो. पाण्यातलं शिसं, पारा, कॅडमियम प्रकाशाच्या मदतीनं ओळखणाऱ्या सेन्सरचा व्हिडिओ बघितला. घ्यावा का?

उत्तर: आधी टीडीएस मीटरचा भरवसा सोडा. तो विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देतो, तोही लिटरला शेकडो मिलिग्रॅमच्या हिशोबात. सिंचनाच्या पाण्यात कॅडमियम लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या वर नसावं. एवढंसं त्याला कुठून कळणार?

सेन्सर खोटा नाही. टायटॅनियम डायऑक्साइडसारख्या अर्धवाहकाचा (सेमीकंडक्टरचा) थर दिलेल्या पट्टीवर प्रकाश पडला की बारीक विद्युतप्रवाह निघतो. थरावर डीएनएचे तुकडे बसवलेले असतात. पाण्यात पारा असला की तो डीएनएतल्या थायमिन नावाच्या दोन घटकांच्या मध्ये घट्ट बसतो, डीएनएची घडण बदलते आणि प्रवाह कमी-जास्त होतो. त्यावरून प्रमाण काढतात. शिशाला मात्र वेगळा डीएनए लागतो. शिवाय प्रयोगशाळेतलं नितळ पाणी कुठे आणि साबण, तेल, गाळ मिसळलेला आपला नाला कुठे! तिथं रीडिंग भरकटतं. (गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच पट्ट्यांवर प्रकाश शोषायला कॅडमियम सल्फाइडच लावतात.) माझ्या मते आत्ता त्यात पैसे घालू नका.

त्यापेक्षा पाणी, माती आणि पालकाची पानं असे तिन्ही नमुने एकाच वेळी एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत द्या. मृदा आरोग्य पत्रिकेवर भागणार नाही. तिच्या १२ घटकांत जस्त, तांबं आहे, शिसं-कॅडमियम नाही. म्हणून अर्जावर धातूंची नावं लिहूनच मागा. माती वरच्या १५ सेंटिमीटरची, लाकडी किंवा प्लास्टिकच्या खुरप्यानं काढा. जस्ताचा मुलामा असलेलं घमेलं नको. पाण्याची बाटली प्रयोगशाळेकडूनच आणा आणि तिच्यात आम्ल घातलेलं असेल तर विसळू नका.

अहवाल येईपर्यंत या पाण्यावर पालेभाजी नको, कॅडमियम पानांत जास्त साठतं. झेंडू लावा. चुना टाकू का, असंही काहीजण विचारतात. आम्लधर्मी जमिनीत चुन्यानं कॅडमियम पिकाला कमी लागतं. सामू (पीएच) ८ च्या काळ्या रानात तो खर्च वाया. शहरी कचऱ्याचं कंपोस्ट घेणार असाल तर त्याचाही अहवाल मागा, त्यात कॅडमियमची मर्यादा किलोला ५ मिलिग्रॅम आहे.

अहवाल आला की आमच्या कार्यालयात घेऊन या. ताज्या पानांत कॅडमियम किलोला ०.२ मिलिग्रॅमच्या वर निघालं, तर ती भाजी बाजारात न्यायची नाही, घरच्या ताटातही नाही आणि गुरांपुढेही टाकायची नाही.